आजाऱ्यासोबत खिडकीपर्यंत

वाचनासाठी : मार्क ५:२५-३४, प्रेषितांची कृत्ये ६:१-७, लूक १०:३०-३७



गेल्या पावसाळ्यात आपल्याच भागातील एका आजाऱ्याला भेटायला आम्ही इस्पितळात गेलो होतो. घरचा कर्ता पुरुष, गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करणारा. रात्री छातीत दुखू लागले. शेजाऱ्यांनी रिक्षात घातले आणि वाटेत जे इस्पितळ आधी दिसले तिथे नेले. अनामत रक्कम भरल्याशिवाय पुढचे काही होणार नाही, असे सांगण्यात आले. भावाने घरातले दागिने गहाण टाकले आणि उरलेले पैसे महिना शेकडा पाच दराने उचलले. अँजिओप्लास्टी झाली. देवाच्या कृपेने माणूस वाचला. बिल झाले दोन लाख चाळीस हजार रुपये.

आम्ही गेलो तो चौथा दिवस होता. आम्ही प्रार्थना केली, फळे ठेवली, धीर दिला. निघताना त्याच्या पत्नीने दाराशी गाठून हळूच विचारले, "भाऊ, प्रार्थना तर करालच. पण पैसे पुरे झाले नाहीत तर घरी सोडतील का, ते कोणाला विचारायचं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. "देव काहीतरी मार्ग काढील," असे म्हणून आम्ही बाहेर पडलो.

पुढे कळले की तीच अँजिओप्लास्टी शासनाच्या योजनेतून, एक पैसा न भरता, जवळच्याच दुसऱ्या एका इस्पितळात होऊ शकली असती. लागणारे रेशनकार्ड घरच्या कपाटात होते. त्या घरचा मुलगा अकरावी सोडून आता काकांबरोबर टेम्पोवर जातो. त्या कुटुंबाशी आमची दोन वर्षांची ओळख होती. अशी काही योजना आहे, हे त्यांना एकदाही सांगावे असे आम्हाला सुचले नाही, कारण ते आम्हालाच नीट ठाऊक नव्हते. हा लेख त्या चुकीतून लिहीत आहोत.

१. बारा वर्षे वैद्यांच्या दारात

शुभवर्तमानात आजाऱ्यांच्या अनेक गोष्टी आहेत. त्यातली एक गोष्ट खर्चाचीही आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. संत मार्क एका स्त्रीविषयी सांगतो. तिला बारा वर्षे रक्तस्राव होत होता. ती अनेक वैद्यांकडे गेली, जवळ होते नव्हते ते सारे खर्चून बसली आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढतच गेले. आजार, उपचार, पैसा संपणे आणि तरीही आजार, असा हा क्रम आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या बाईला काल्हेरमधली कोणतीही गृहिणी ओळखील.

ती गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला स्पर्श करते आणि बरी होते. तिला तसेच गुपचूप निघून जायचे असते. पण प्रभू येशू थांबतो. त्या वेळी तो एका मोठ्या अधिकाऱ्याच्या मरणोन्मुख मुलीकडे निघालेला आहे, सगळ्यांना घाई आहे. तरीही तो थांबतो, तिला पुढे बोलावतो, तिची सारी हकिकत ऐकून घेतो आणि तिला मुलगी म्हणून हाक मारतो. शरीर तर आधीच बरे झाले होते. मग तो का थांबला? बारा वर्षांत या बाईचे कोणी पूर्ण ऐकून घेतले नसावे, म्हणून. पैसा संपलेल्या आजारी माणसाला पहिली गरज असते ती घाई न करता ऐकणाऱ्या माणसाची. आम्ही त्या दिवशी दाराशी थांबलो नाही.

२. आजार आणि कर्ज

आपल्या देशात आजारपणाचा खर्च कोण करतो? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करीत होते. २०२१-२२ साली हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा मोठी आहे. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये आजही घरातूनच जातात. ज्याच्या घरात शिल्लक आहे त्याची शिल्लक जाते. ज्याच्याकडे नाही त्याचे दागिने, मुलांचे शिक्षण आणि गावची जमीन जाते.

आपला भाग पाहा. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीपर्यंत गोदामे आणि यंत्रमाग. त्यांत राबणारे हजारो हात. कोणी विदर्भ-मराठवाड्यातून आलेला, कोणी झारखंड, उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून. बहुतेकांचे काम रोजंदारीवर. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी मजुरी नाही. म्हणून ताप अंगावर काढला जातो, खोकला महिनाभर चालतो, छातीत दुखले तर पित्ताची गोळी घेतली जाते. शेवटी इस्पितळ गाठतात तेव्हा आजार वाढलेला असतो आणि खर्चही.

शिवाय काल्हेर ही ग्रामपंचायत. महापालिकेची हद्द इथे नाही. मोठे सरकारी रुग्णालय गाठायचे तर एका बाजूला भिवंडी, दुसऱ्या बाजूला ठाणे-कळवा, आणि मधे कंटेनरच्या रांगांनी भरलेला रस्ता. रात्री दोन वाजता माणूस जवळचा दरवाजा ठोठावतो, यात त्याचा दोष नाही.

३. यादीतून सुटलेल्या विधवा

आता प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा. यरुशलेममधली पहिली ख्रिस्तसभा गरिबांना रोज अन्न वाटत होती. व्यवस्था चांगली होती, हेतू चांगला होता. तरीही तक्रार आली. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा वाटपातून सुटून जात होत्या. त्या परभाषिक होत्या, त्यांची बाजू मांडायला जवळ कोणी नव्हते.

प्रेषितांनी ही तक्रार क्षुल्लक मानली नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावले आणि या कामासाठी चांगल्या नावाची, पवित्र आत्म्याने व सुज्ञपणाने भरलेली सात माणसे निवडायला सांगितले. त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्या सातांत संत स्तेफन होता, ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी. मदत असूनही ती ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही त्यांच्यापर्यंत ती पोहोचवणे, हे काम प्रेषितांनी इतके पवित्र मानले.

आपल्याकडे आज नेमकी हीच स्थिती आहे. योजना आहेत, कायदेही आहेत. पण भाषा येत नाही, कागद गावी राहिला, कोणत्या खिडकीवर जायचे ते ठाऊक नाही, म्हणून माणसे यादीतून सुटतात.

४. हक्काच्या वाटा

पुढील माहिती प्रत्येक घरात असावी. हे पान कापून ठेवले तरी चालेल.

• शासकीय रुग्णालय : राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांत व रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क झाले. भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय याच विभागाचे. मात्र कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे आहे, सायन आणि केईएम मुंबई महापालिकेची, जे. जे. वैद्यकीय शिक्षण विभागाचे. तिथले नियम व शुल्क वेगळे असू शकते.

• महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना : ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ साली तिला आजचे नाव मिळाले. पूर्वी ती पिवळ्या व केशरी कार्डांपुरती होती. २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातील सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरले. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, अपघात अशा हजाराहून अधिक उपचारांचा तीत समावेश आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे उपचार योजनेत असलेल्या इस्पितळातच मिळतात, आणि त्यासाठी आधी मंजुरी लागते. अशा प्रत्येक इस्पितळात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. पैसे भरण्याच्या खिडकीवर जाण्याआधी त्याला गाठायचे. मदतीचा दूरध्वनी १५५३८८.

• आयुष्मान भारत : परराज्यातील कामगाराकडे त्याच्या गावचे आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या योजनेतील इस्पितळातही चालते. तसेच २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. आपल्या घरातील आजी-आजोबांचे कार्ड आधारच्या आधारे काढून घ्या.

• धर्मादाय इस्पितळ : सार्वजनिक न्यासांनी चालवलेल्या मोठ्या इस्पितळांना सरकारकडून सवलती मिळतात. त्याबदल्यात गरिबांसाठी काही खाटा ठेवण्याचे बंधन कायद्याच्या ४१ कक कलमाने घातले. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची योजना पक्की केली. त्याप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवायच्या, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकायची. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडे अनामत मागायची नाही, त्याला आधी दाखल करून घ्यायचे. ही मोठमोठी नावाजलेली इस्पितळेही असतात, म्हणून नाव ऐकून दबू नका. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड सोबत हवे.

• कामगार विमा : दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. जानेवारी २०१७ मध्ये तिची पगाराची मर्यादा महिना २१ हजार रुपये झाली. शंभर रुपये पगारामागे कामगाराचे ७५ पैसे आणि मालकाचे सव्वातीन रुपये भरले की कामगारासह त्याच्या कुटुंबाच्या उपचाराची सोय होते.

• अपघात : जखमीला आधी उपचार द्यायचे, पोलिसांचे काम नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले. ५ मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला ठरलेल्या इस्पितळात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैशांविना मिळतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा, तिचे पैसे पडत नाहीत.

• क्षयरोग : तपासणी व औषधे सरकारकडून मोफत. शिवाय पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये दिले जाऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. यंत्रमागाच्या धुळीत काम करणाऱ्याचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर वाट पाहू नका.

एवढे सांगून सगळे सुरळीत आहे असे आम्ही म्हणत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, ते आपण विसरलेलो नाही. त्या वेळी ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाचे नवे बांधकाम चालू असल्याने कळव्यावर भार वाढला होता, असे सांगितले गेले. कार्ड हातात असले तरी खाट रिकामी हवी, डॉक्टर हवा, परिचारिका हवी. त्यासाठी ग्रामसभेत, निवडणुकीत आणि निवेदनांतून आपण बोलले पाहिजे. पण व्यवस्था सुधारेपर्यंत आजचा आजारी थांबू शकत नाही.

५. शोमरोनी माणसाचा हिशेब

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तो वाटेतल्या जखमी माणसाला पाहून कळवळला, एवढेच आपल्या लक्षात राहते. पण प्रभू येशूने या गोष्टीत बारीक तपशील भरले आहेत. तो जवळ गेला. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. रात्रभर त्याच्याजवळ राहिला. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन नाणी दिली. ती म्हणजे सुमारे दोन दिवसांची मजुरी. आणि जास्त खर्च झाला तर परतीच्या वाटेवर तो भागवीन, असा शब्द दिला.

म्हणजे त्याने प्रथमोपचार केला, वाहन दिले, सोबत केली, अनामत भरली आणि उरलेल्या बिलाची हमी घेतली. शिवाय त्याने सगळे एकट्याने केले नाही. उतारशाळेच्या मालकालाही कामाला लावले आणि स्वतः आपल्या प्रवासाला गेला. पण परत येण्याचे बोलून गेला. दया म्हणजे काय हे सांगताना प्रभूने हिशेब वगळला नाही.

आणखी एक गोष्ट. तो जखमी कोणत्या जातीचा, कोणत्या पंथाचा, हे शोमरोन्याने विचारले नाही. आपणही आपली मदत आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीपुरती ठेवू नये. शेजारच्या चाळीतला मुसलमान विणकर, हिंदू हमाल, आदिवासी मोलकरीण हे सगळे त्याच वाटेवर पडलेले आहेत. आणि आपण जखमीला उचलले तर पोलीस मागे लागतील, ही भीतीही आता नको. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले आणि मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले. कायद्याने अशा माणसाला दिलेले नाव 'गुड समॅरिटन', म्हणजे चांगला शोमरोनी असेच आहे.

६. आपण काय करू शकतो?

पहिले, कागद. प्रत्येक घरात एक पिशवी करा. रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डे, आरोग्य योजनेचे कार्ड, उत्पन्नाचा दाखला, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवा. रेशनकार्डावर नव्या सुनेचे, नव्या बाळाचे नाव चढले आहे का, ते आजच पाहा. रात्री दोन वाजता तहसील कार्यालय उघडे नसते.

दुसरे, सोबत. प्रत्येक विभागातून दोन माणसांनी पुढे यावे. पैसे देणे त्यांचे काम नाही. आजाऱ्याच्या घरच्यांबरोबर आरोग्यमित्रापर्यंत आणि समाजसेवकापर्यंत जाणे, अर्ज भरणे, काय सांगितले ते समजावून देणे, एवढेच. निवृत्त शिक्षक, बँकेत काम केलेले, परिचारिका भगिनी, कॉलेजातली मुले यांना हे सहज जमेल. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवले गेलेला गरीब तिसऱ्या खिडकीवर जात नाही. तो सावकाराकडे जातो.

तिसरे, प्रश्न. अनामत भरण्याआधी चार गोष्टी विचारा : हे इस्पितळ योजनेत आहे का? हा उपचार योजनेत बसतो का? नसेल तर जवळचे कोणते? आजाऱ्याला तिथे हलवणे सुरक्षित आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांनीच द्यायचे. जीव धोक्यात असेल तर आधी उपचार, मग कागद.

चौथे, मदतीचे पैसे. योजना असली तरी रिक्षाभाडे, बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्याचे जेवण हे खर्च उरतातच. अनेकदा त्यासाठीच उपचार अर्धवट सुटतो. बाप्तिस्मा, लग्न, वाढदिवस यांच्या खर्चातला थोडा वाटा यासाठी वेगळा ठेवता येईल.

पाचवे, आपल्यातील मालक आणि मुकादमांसाठी. आपल्याकडे दहा माणसे काम करीत असतील आणि त्यांची विम्यात नोंद नसेल, तर रविवारी दानपेटीत टाकलेली नोट त्याची भरपाई करीत नाही. हे कडू वाटेल, पण संत याकोबही आपल्या पत्रात मजुरांच्या थकवलेल्या वेतनाविषयी असेच कडक बोलला आहे.

सहावे, मान. मदत चार लोकांसमोर विचारू नका, फोटो काढू नका, कोणाला दिली ते सांगत फिरू नका. हक्काची गोष्ट हक्काने मिळवून द्या, उपकार म्हणून नको. प्रभूने त्या बाईला गर्दीपुढे बोलावले ते मुलगी म्हणून हाक मारण्यासाठी, लाजवण्यासाठी नव्हे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जागतिक रुग्णदिन जाहीर केला आणि १९९३ पासून ११ फेब्रुवारीला, लूर्डमातेच्या सणादिवशी, तो पाळला जातो. त्या सुमारास आजाऱ्यांसाठी मिस्सा होते. मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात दोन टेबले मांडून कार्डे तपासायला आणि अर्ज भरायला बसलो, तर वेदीवर केलेली प्रार्थना अंगणापर्यंत पोहोचेल.

कुटुंबात व विभागाच्या सभेत चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षी आपल्या ओळखीतल्या कोणावर आजारपणामुळे कर्ज झाले? आपल्याला ते केव्हा कळले, आधी की नंतर?

२. यरुशलेमच्या यादीतून परभाषिक विधवा सुटल्या. आपल्या विभागात कोण सुटते आहे?

३. शोमरोन्याने केलेल्या कामांपैकी कोणते एक काम आपले घर या महिन्यात करू शकेल?

४. आपल्या घरची कागदांची पिशवी तयार आहे का?

त्या भगिनीच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. कर्ज अजून फिटलेले नाही. मात्र पुढच्या तपासण्या व औषधे आता शासकीय रुग्णालयातून मिळतात, त्यासाठी आमच्यातले एक जण पहिल्या दोन वेळा त्यांच्याबरोबर गेले. मुलाने शाळेचा दाखला परत मागवला आहे, यंदा तो बाहेरून परीक्षा देणार आहे. निघताना या वेळी आम्ही आधी विचारले, "ताई, अजून काय विचारायचं आहे?" त्या बराच वेळ बोलल्या. प्रार्थना आम्ही त्यानंतर केली.